स्टेजवरचं लगीन

खारकोठी, ता. पेण
१२ डिसेंबर १९९५

फादर बस्त्याव यांस,

माझं सगळं पालटलं ते तुम्ही वृंदाच्या मागे जाऊन उभे राहिलात तेव्हा. त्याआधी मी तुमच्या विद्यापीठातला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होतो, खानावळीत डाळ पातळ म्हणून भांडणारा. त्यानंतर मी लग्न झालेला माणूस आहे. हे तुम्ही मानत नाही, रजिस्ट्रार मानत नाहीत, वृंदाचे वडील टिपणीस गुरुजी तर नाहीच नाही. म्हणून मी वसतिगृह सोडून आलो. न सांगता आलो, त्याची माफी मागणार नाही.

तुमच्या ऑफिसात त्या दिवशी मला कुणी धड बोलू दिलं नाही. आता कागदावर मला कोण गप्प करतो बघतो.

चॅप्लेन म्हणून प्रार्थनाघर तुमच्याकडे, आजारी पोरांची विचारपूस तुमच्याकडे, आणि दरवर्षीची सर्वधर्म स्नेहसंध्याही तुमच्याकडे. यंदा तुम्हीच म्हणालात, प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी आणा, पुस्तकातलं नको. मी म्हटलं, माझी आत्या धोंडुबाई धवलारीण आहे, आम्हा आगऱ्यांची लग्नं ती लावते. ती धवले गाते आणि त्या धवल्यांनीच लगीन लागतं. तुम्ही खुर्चीतून उठलात. बाईमाणूस पुरोहित, म्हणालात, आमच्या चर्चला अजून दोनशे वर्षं लागतील. मला केवढा अभिमान वाटला होता, फादर. माझ्या घरचं काही पाहून त्या इमारतीत कुणी उठून उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आत्या वडखळपर्यंत टेम्पोने आली, तिथून पेण, पेणहून गाडीने निडीला उतरली आणि तिथून चालत. तुम्ही तिला चहा-बिस्किटं दिलीत, तिने हात लावला नाही. तुम्हाला वाटलं, खेड्यातली बाई लाजली. ती उपाशी होती. लगीन लागेपर्यंत धवलारीण जेवत नाही.

नवरी म्हणून पाटावर बसायची होती आमच्या वर्गातली सरू. ती तापाने पडली. मग सूत्रसंचालन करणारी वृंदा म्हणाली, एवढंच ना, मी बसते. नवरदेव म्हणून पोरांनी मला पुढे ढकललं, कारण धोतर नेसता येणारा मी एकटाच. आत्याने वृंदाचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, गाव विचारलं. वृंदाने सांगितलं, वृंदा, रघुनाथ टिपणीस, रोहा. मग आत्या म्हणाली, "पोरीचा मामा कोन? मामा मागं उबा नसला तं मी सुरू नाय करायची." तुम्ही हसलात, चष्मा खिशात ठेवलात आणि वृंदाच्या मागे येऊन उभे राहिलात. "मी उभा राहतो, आत्याबाई." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने नाही वाजवल्या. तिने धवला सुरू केला.

तुमच्या माणसाने दोनदा घड्याळ दाखवलं. तिने पाहिलं नाही. गावदेवीचं नाव घेतलं, खाडीचं घेतलं, माझ्या आज्या-पणज्यांचं घेतलं, रघुनाथ टिपणिसांचं घेतलं. मग तांदूळ टाकले. ते माझ्या केसांत होते, वृंदाच्या केसांत होते, तुमच्या पांढऱ्या झग्यावर होते. नंतर आभारप्रदर्शन झालं. गाडीत बसताना आत्याने मला एवढंच विचारलं, सून कवा आनतोस घरा?

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत मी वृंदाला हे सांगितलं. ती हसली. मग हसायची थांबली. मग टिपणीस गुरुजी आले, आणि तुमच्या देखत मला म्हणाले की दोन गाणी ऐकून लग्न लागत असेल तर रेडिओवाल्यांची रोज लागतात, आणि मिठागरातल्या पोराने आपली पायरी ओळखावी. ते मी गिळलं. त्यांच्याकडून दुसरं काही येणारही नव्हतं. पण तुम्ही? तुम्ही टेबलाकडे बघत म्हणालात, "कान्हू, तो एक कार्यक्रम होता."

ते मात्र गिळता येत नाही.

कान्हू नाथा घरत

संत बार्नाबस विद्यापीठ, निडी
१८ डिसेंबर १९९५

प्रिय कान्हू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागावलो, दुसऱ्यांदा लाज वाटली. कुठल्या ओळीला काय वाटलं ते तू ओळखशील.

आत्याबाई उपाशी आहेत हे मला कुणी सांगितलं असतं, तर मीही त्या दिवशी काही खाल्लं नसतं. आमच्या वसईकडे जुनी माणसं मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी पाण्याचा थेंब घेत नसत, माझी आई तशीच होती. मला कळायला हवं होतं. पण बाळा, सांगणारा तूच होतास. आत्याबाई आणि मी यांच्या मधला दुभाष्या तू.

आता इथली हकीकत. टिपणीस गुरुजींनी लेखी तक्रार केली आहे. वृंदाला त्यांनी वसतिगृहातून रोह्याला नेलं, ती परीक्षेपुरती येईल की नाही तेही ठाऊक नाही. रजिस्ट्रार म्हणतात, फेब्रुवारीत आपल्या संस्थेचे पाहुणे बाहेरून येणार, त्यांच्यासमोर हे नको. त्यांनी एक मार्ग सुचवलाय आणि मी तो तुझ्यापर्यंत पोचवतो आहे. आत्याबाईंनी एकदा इथे यावं, सगळ्यांसमोर धवले पुन्हा गावेत, आणि माइकवर सांगावं की हे आमचं लोकगीत आहे, त्या दिवशीही लोकगीतच होतं. त्यांचा सत्कार होईल. तुझं नाव पुन्हा पटावर येईल. वृंदा परत येऊ शकेल. सगळे सुटतील.

मला हा मार्ग वाईट वाटत नाही. लोकगीत म्हणजे काही कमीपणा नव्हे.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. माझ्या धर्मात लग्न पाद्री लावत नाही. तो नुसता साक्षीदार. लग्न ती दोघं एकमेकांना होकार देऊन लावतात. होकार नसेल तर मोठ्यात मोठ्या देवळात लागलेलं लग्नही लागलेलं नसतं. वृंदाला तू विचारलं होतंस का?

तुझा,
फादर बस्त्याव

खारकोठी
२३ डिसेंबर १९९५

फादर,

तुमचं पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. ती चुलीपुढे बसून मासळी भाजत होती. लोकगीत म्हणजे काय, तिने विचारलं. मी म्हटलं, म्हणजे लोकांचं गाणं, करमणुकीचं. तिने तवा उतरवला. मग सावकाश म्हणाली, "मी गाना नाय बोलले. मी लगीन लावलाय. मना खोटा धवला येत नाय."

मग ती नावं घेत बसली. मी लगीन लावलेल्या त्या जगनचं काय, म्हणाली. केरूच्या तिन्ही लेकींचं काय? तुझ्या आईचं नि बापाचं काय? मीच लावलाय तो पण. एकदा माइकवर गाना बोलले का ही सगळी काय झाली मंग, ठेवलेली? तुमच्या रजिस्ट्रारला विचारा, फादर. माझी आई काय झाली?

आम्हाला सत्कार नको. शाल-नारळ देऊन तुम्ही बाईकडून तिचा अख्खा जन्म परत मागताय.

आणि मला आता एक कळलंय. इथे मिठागरात दिवसभर चिखल तुडवतो, पाय चालतात आणि डोकं मोकळं असतं, म्हणून कळलंय. त्या संध्याकाळी तुमच्या पोरांनी नाताळची गाणी म्हटली. गाणीच. तुम्ही स्टेजवर मिस्सा केली नाहीत. मुरूडच्या अझीमने नात म्हटली, पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं, नमाज पढला नाही, आणि त्याला कुणी पढ म्हणालंही नाही. तुम्ही सगळ्यांनी आपापलं खरं घरी ठेवलंत आणि गाणं तेवढं बरोबर आणलंत. आम्हालाच खरं आणायला लावलंत. का? आमच्याकडे खरं असं काही असेल हे डोक्यातच आलं नाही म्हणून. आगऱ्याचं काय, ढोलकं आणि गाणं, बसवा पाटावर.

उद्या मी तुम्हाला म्हटलं की फादर, आमच्या गावच्या जत्रेत या, मिस्सेतले तुमचे ते खरे शब्द म्हणा, भाकरी वर उचला, लोकांना जरा मजा वाटेल; तर तुम्ही याल का? आणि आलात, म्हणालात, तर नंतर ती भाकरी कोंबड्यांना घालू द्याल का? नाही ना? मग माझ्या आत्याच्या तांदळाला कार्यक्रम म्हणू नका.

होकाराचं विचारलंत. आमच्यात पाटावर येऊन बसणं हाच होकार. माझ्या आईला कुणी विचारलं होतं? तिने संसार केला ना? वृंदा आपल्या पायांनी आली, आपल्या तोंडाने नाव सांगितलं. आणखी काय स्टँपपेपर पाहिजे?

तिला तुम्ही ओळखता त्यापेक्षा मी जास्त ओळखतो. दोन वर्षं ती माझे इंग्रजीचे निबंध तपासायची. मी सुके बोंबील आणायचो, ती मागून घ्यायची, म्हणायची आमच्या घरी तुमच्याकडच्यासारखे येत नाहीत. जिला कान्हू घरत नको असेल ती पोरगी त्याच्या डब्यात हात घालते का? बापाचं ऐकून ती गप्प आहे. बाप नसता तर ती आत्ता इथे असती.

माझी पेटी वसतिगृहात राहिली आहे. राहू दे.

कान्हू

संत बार्नाबस विद्यापीठ, निडी
४ जानेवारी १९९६

प्रिय कान्हू,

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा करताना भाकरी उचलली आणि तुझी कोंबडी आठवली. हात थांबला. समोर बसलेल्यांना वाटलं, म्हातारा विसरला. असं लिहिणारा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही, आणि मिळाला तो पळून गेल्यावर.

तुझं बरोबर आहे. मी काय मागत होतो ते मला कळत नव्हतं. आत्याबाईंना यायला सांगू नकोस. मी रजिस्ट्रारना सांगून आलो की माझ्या तोंडून आत्याबाईंना हे पुन्हा विचारलं जाणार नाही. रजिस्ट्रारनी यापुढे सर्वधर्म कार्यक्रम बंद, असं लेखी दिलं. चॅप्लेनने प्रार्थनाघर सांभाळावं, म्हणाले. ठीक आहे. आठ वर्षं मी तो कार्यक्रम केला आणि इतक्या वर्षांत दोन धर्मांची माणसं एकमेकांशी खरोखर पहिल्यांदा बोलली ती तुझ्या-माझ्या या पत्रांत. म्हणजे बंद केलेला कार्यक्रम चालूच आहे म्हणायचा.

त्या दिवशी मी वृंदाच्या मागे उभा राहिलो. मामा म्हणून उभं राहणाऱ्याने मुलीची बाजू घ्यायची असते ना? मग घेतो. परवा रोह्याला जाऊन तिला भेटलो. तिच्या आईने, वत्सलाबाईंनी, आम्हाला पडवीत बोलत बसू दिलं, हेच पुष्कळ. गुरुजी आत येरझाऱ्या घालत होते. वृंदाने तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. तिने मला एकच विचारलं, ते तुलाच विचारतो. पाटावर बसताना तुला ठाऊक होतं का, की आत्याबाई खरंच लग्न लावणार आहेत?

हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुझा,
फादर बस्त्याव

खारकोठी
१६ जानेवारी १९९६

प्रिय फादर,

बघा, 'प्रिय' लिहिलं. आज मी कुणालाही लिहीन.

ती आली होती. वृंदा आमच्या घरी येऊन गेली. बापाला न सांगता रोह्याहून एकटी आली, वडखळला उतरली, विचारत विचारत बांधावरून चालत आत्याच्या घरी पोचली. मी मिठागरात होतो, आमच्या खाचरांत खाडीचं पाणी घ्यायचं होतं, मला कुणी सांगायलासुद्धा आलं नाही. मी घरी येईतो ती गेली होती. लाजली असेल.

आत्याजवळ किती वेळ बसली होती म्हणे. चुलीशी खाली बसली, पाटही घेतला नाही. तांदळाची भाकरी खाल्ली, बोंबील खाल्ले, दुसऱ्यांदा मागून खाल्ले. आणि सगळं विचारलं. तुमच्यात लगीन कसं टिकतं, नवऱ्याने टाकलं तर काय, बाईला नको झालं तर काय, पंच कोण असतात, बाईला तोंड उघडता येतं का, सगळं. सासरी यायची पोरगीच असलं विचारते, फादर. उगाच कुणी एवढ्या लांब येऊन आगऱ्यांच्या रिती विचारत नाही. नुसती अभ्यासासाठी आली असती तर वहीत लिहून घेतलं असतं; तिने काही लिहून घेतलं नाही. आत्याच्या पाया पडली.

आता सांगा मला होकाराचं.

तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, याला आता अर्थ काय? ती आली, यातच सगळं आलं. आणि तरी विचारत असाल तर सांगतो, मामाची जागा घेताना तुम्हीही कुणाला विचारलं नाहीत की मामा काय करतो. माझ्या एकट्याचीच उलटतपासणी का? टिपणीस गुरुजींना कुणी विचारलं का की बाबा, मिठागरातल्या पोराची पायरी कुठली? त्यांच्या घरात मीठ येतं कुठून?

आत्या मात्र कालपासून गप्प आहे. थंडी बाधली असावी. मी तिला म्हटलं, मागची खोली शेणाने सारवून घेऊ, भिंतीला चुना मारू, वृंदाला पुस्तकं ठेवायला फळी ठोकतो. तर म्हणाली, नको घाई करू. म्हाताऱ्या माणसांना आनंदाचीही भीती वाटते.

माझी पेटी पाठवून द्या. तिच्यात माझा बरा शर्ट आहे.

तुमचा,
कान्हू

संत बार्नाबस विद्यापीठ, निडी
२२ जानेवारी १९९६

प्रिय कान्हू,

फळी ठोकू नकोस.

येत्या रविवारी दुपारी आत्याबाईंच्या घरी थांब. मी वृंदाला विद्यापीठाच्या जीपमधून घेऊन येतो. आत्याबाईंना ठाऊक आहे, त्यांच्याच निरोपावरून येतो आहे. का ते मला विचारू नकोस. वृंदाने मला ते तिच्या तोंडून तुला सांगायचं म्हणून बजावलंय आणि मी तिला शब्द दिलाय.

तिच्या घरी काय झालं ते एवढंच सांगतो, की गुरुजींनी तिला सांगितलं, चार लोकांत म्हण की तो फार्स होता आणि विषय मिटव. ती नाही म्हणाली. बापाने तिच्याशी बोलणं टाकलंय. हे लक्षात ठेवून तिच्याशी बोल.

पेटी जीपमध्ये आणतो.

तुझा,
फादर बस्त्याव

खारकोठी
३० जानेवारी १९९६

फादर,

रविवारी मी तुमच्या जीपजवळून गेलो. तुम्ही हाक मारलीत. ऐकली, थांबलो नाही. तुम्ही बांधावर बसून राहिलात, घरात आला नाहीत, ते बरं केलंत. आत काय झालं ते वृंदाने वाटेत सांगितलं असेल. तिचं सांगणं आणि माझं सांगणं एक नसणार, म्हणून लिहितो. याच्यानंतर लिहिणार नाही.

विद्यापीठात मी परत येणार नाही. पटावर नाव ठेवायची खटपट करू नका. पेटी पोचली. शर्ट जगनला दिला.

मी आंघोळ करून बसलो होतो. तुमचं 'फळी ठोकू नकोस' वाचूनही बसलो होतो. वाटलं, फादरना काय कळतंय. आत गेलो तर केरू आणि हौसाकाकू आधीच येऊन बसलेले. ही दोघं आमच्याकडे पंचांत बसतात. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. वाटलं, सुनेला घरात घ्यायला चार माणसं बोलावली. वृंदा साधी साडी नेसून आली, आत्याच्या शेजारी बसली. माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, नजर चुकवली नाही. आणि आत्याने सुपातून पेंढ्याची एक काडी काढून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

काडीमोड. तुमच्यात नाही, म्हणून सांगतो. आमच्यात लगीन मोडायचं तर पंचांसमोर दोघांनी काडीची दोन टोकं धरायची आणि मोडायची. झालं.

मी उठायला लागलो तर केरूने गुडघ्यावर हात ठेवला. मी वृंदाला म्हटलं, हे तुला बापाने शिकवलं. ती म्हणाली, "बाबा म्हणत होते, फार्स म्हण आणि मोकळी हो. काडी मोडली तर जन्मभर लोक म्हणतील, हिचं लग्न झालं होतं आणि मोडलं. मी म्हटलं, म्हणू देत. आत्याबाई उपाशीपोटी माझ्यासाठी गायल्या. त्याला मी फार्स म्हणणार नाही. लग्न झालं, कान्हू. मला ते नको होतं. म्हणून मोडायला आले."

मी महिनाभर सगळ्यांशी भांडलो, फादर. तुमच्याशी, रजिस्ट्रारशी, माझ्या बापाशीसुद्धा. माझा बाप नाथा घरत, ज्याचं लगीन आत्यानेच लावलं, तोही म्हणाला सोड रं, नाटक होता तो. लग्न झालं असं माझ्या तोंडावर एकाही माणसाने म्हटलं नाही. म्हटलं ते हिने एकटीने. आणि त्याच वाक्यात मोडलं.

मी वाटेल ते बोललो. तिच्या जातीचं बोललो, बोंबलांचं बोललो, म्हटलं आमचं खायला चालतं आणि आमच्यात राहायला नाही. हौसाकाकू म्हणाल्या, पोरा, तोंड सांभाळ. वृंदा ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, तू मला कधी विचारलंच नाहीस. दोन वर्षं समोरासमोर बसत होतो, एकदाही नाही. आणि पाटावर बसलास तेव्हा तुला ठाऊक होतं. माझी शपथ घेऊन सांग, नव्हतं.

मी शपथ घेतली नाही.

मी म्हटलं, विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?

"नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "आणि मग आपण कँटीनला जाऊन चहा प्यायलो असतो. आता तेही नाही."

मी म्हटलं, मी काडी धरणार नाही. धरली नाही तर मोडणार कशी? बसू दे तिला इथेच. पंच बसू देत उद्यापर्यंत, परवापर्यंत. मी आत्याकडे बघितलं. वाटलं, ही माझी. हिच्यासाठी मी कॉलेज सोडलं, हिच्या धवल्याला कुणी गाणं म्हणू नये म्हणून मी तुमच्याशी भांडलो. ही म्हणेल, माझ्या तोंडून लागलेलं लगीन मोडायचं नाय.

आत्याचे डोळे भरले होते, पण आवाज लगीन लावतानाचाच होता.

"तुला खरा पायजे व्हता ना?" म्हणाली. "मंग खऱ्याला काडी हाय. खोट्याला काडी नसते. धर."

फादर, तुम्ही मला होकाराचं विचारलं होतंत तेव्हा मी आईचं उदाहरण दिलं. आई त्या वेळी आत्याच्या ओटीवर बसली होती. दाराआडून तिला सगळं ऐकू येत होतं. ती आत आली नाही, माझ्या बाजूने नाही आणि वृंदाच्याही बाजूने नाही. केरूने एकदा तिला हाक मारली, वहिनी, तुमचं काय म्हणणं? आई म्हणाली, मना काय विचारता, मना कधी कुनी विचारलाय? एवढंच. रागाने नाही म्हणाली. भाजी काय करायची असं विचारल्यावर बोलावं तसं म्हणाली.

माझा राग गेलेला नाही. कुणी समजू नये की कान्हू शहाणा झाला. टिपणीस गुरुजींचा आहे, तुमच्या त्या घड्याळ दाखवणाऱ्या माणसाचा आहे, तुमचा आहे. तुम्ही हसत हसत तिच्या मागे उभे राहिला नसतात तर आत्याने तोंड उघडलं नसतं. वृंदाचा आहे. ती बरोबर असल्याचा तर सगळ्यात जास्त आहे.

मी काडीचं टोक धरलं. तिने दुसरं धरलं. पेंढ्याची काडी ती, मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. केरूने विचारलं, मोडली? आत्या म्हणाली, मोडली. मग तिने वृंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला जेवायला बसायला सांगितलं, पाट मांडला, ताट वाढायला घेतलं, जसं घरच्या माहेरवाशिणीला वाढतात तसं. माझंही ताट मांडलं, तिच्या शेजारी.

मी उठलो. कुणी अडवलं नाही. ओटीवर आई होती, तिच्याकडे न बघता उंबरा ओलांडला, आणि मागे वळून दार ओढून घेतलं. नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा ओढलं.

कान्हू नाथा घरत